थूल सर आणि कानाच्या पाळ्या

पिपरी मेघेत कुणाकडे नामकरण असलं की थूल सरांना बोलवावंच लागतं, आणि बोलावल्याचा पश्चात्ताप दाराशीच होतो. बाकीची माणसं बाळाचं तोंड बघतात. हे गृहस्थ कान बघतात. पाळी चिकटलेली आहे की सुटी, एवढ्यासाठी चष्मा पुसून घेतात.

सर माझे शेजारी. कृषी महाविद्यालयात आनुवंशिकी शिकवून निवृत्त झाले, पण खोड काही निवृत्त झाली नाही. एखादी आजी कौतुकानं म्हणते, "बापावर गेलं पोट्टं!" की यांचं सुरू, "कोन्या पद्धतीनं म्हनता?"

यांच्याकडे पद्धती दोन. एक घराण्याची: एकाच कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या घ्यायच्या आणि गुण गुणसूत्राच्या कोणत्या तुकड्यासोबत खाली उतरतो ते बघायचं. दुसरी गर्दीची: नात्यात नसलेली ढीगभर माणसं जमवायची आणि तो गुण असणाऱ्यांत जनुकाचं कोणतं रूप जास्त दिसतं ते तपासायचं. "घराण्याच्या पद्धतीनं जनुकाचा तालुका सापडते, घर नाई," ते ऐकवतात. "गर्दीच्या पद्धतीनं घर सापडते, पन कधी कधी भलत्याच्याच दारात नेऊन उभं करते." तोवर आपले आलुबोंडे गार.

एकदा गर्दीची पद्धत आजमावायला म्हणून जाम गावच्या बस थांब्यावर गेले. जनुकं बघायला प्रयोगशाळा लागते, पण कान फुकट दिसतात ना! बायांच्या कानांकडे टक लावून बघणारा म्हातारा. लोकांना वाटलं, याचा डोळा डुलांवर आहे. मी सोबत नसतो तर चांगला चोप मिळाला असता. परतताना वर मलाच म्हणतात, "नमुना अपुरा राह्यला नं राजेहो!" असल्या शहाण्यापुढे डोकं तरी किती फोडायचं?

घरचा विषय मात्र ते कधी काढत नसत. मुलगी रश्मी दत्तक घेतलेली. तिच्या रूपाबद्दल कुणी बोललं की सर पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जात.

परवा रश्मीच्या मुलाचं नामकरण झालं. बुद्धवंदना आटोपली आणि सासरच्या बायांनी बाळ वाटून घेतलं. कपाळ आजोबाचं, नाक आत्याचं, हनुवटी बापाची. सर मंडपाच्या टोकाला गप्प बसून होते. बरी जिरली, असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि वाईट वाटलं.

"सर, तुमी काऊन चूप?" आत्याबाईंनी हाक मारली. "पोट्टं सारं आमच्यावरच गेलं नं?"

"हो बाई. तुमचंच हाय."

रश्मी तरातरा आली आणि तिनं बाळ सरांच्या मांडीवर ठेवलं. "बाबा, मी ड्युटीवर गेली का हा तुमच्यापाशीच राहीन. मले वाढवलं तसंच याले वाढवजा."

तेवढ्यात बाळ त्यांच्या नव्या शर्टावर दूध ओकलं. आत्याबाई फडकं घेऊन धावल्या.

सरांनी त्यांचा हात अडवला. "राहू द्या, बाई. माह्या नातवाचं हाय."