दुपारची हवा कुठे जाते?

"अर्धा तास! फक्त अर्धा तास दे मला, आणि मग बघ!"

असं म्हणून नवऱ्याने रविवारी बाह्या सरसावल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हवा मोजणाऱ्या तिन्ही डब्या भिंतीवर चढून वाय-फायला जोडल्या गेल्या तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. मधल्या काळात भिंतीला अकरा भोकं पडली, एका स्टुलाने कायमचा निरोप घेतला, आणि "सूचना वाचून बघू या का?" असं विचारणाऱ्या बायकोला "सूचना नवशिक्यांसाठी असतात" हे ऐकून घ्यावं लागलं.

नवरा बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. पट्ट्यावरून धावणाऱ्या हजारो बिस्किटांतलं एक तुटकं बिस्कीट तो लांबून हेरतो, अशी तिथे त्याची ख्याती. घरात मात्र नाकासमोरची मिठाची बरणी त्याला आजवर एकदाही सापडली नव्हती.

हा सगळा खटाटोप छोटीसाठी होता. छोटी सात महिन्यांची. हसली की गालांत डोळे हरवायचे आणि झोपली की एक मूठ कानाशी जायची, जणू कुणाचा तरी फोन आलाय! पण महिनाभर एक नसती भानगड मागे लागली होती. दुपारी झोपली की ती खोकायची. सकाळी नाही, रात्री नाही, नेमकी दुपारी. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "रोज मास्क लावून पंपाचं औषध सुरू करायचं का, ते येत्या शनिवारी ठरवू. तोवर खोलीतल्या हवेची नोंद ठेवा. धूळ किती, ओल किती, कुठल्या वेळेला. त्यातून कारण सापडलं, तर औषध टळेलही."

टळेलही! तो एक शब्द बायकोने मनात घट्ट धरून ठेवला. पेरूएवढ्या त्या चेहऱ्यावर रोज मास्क दाबायचा तरी कसा? नवऱ्यालाही काळजी होतीच. फक्त त्याची काळजी खोक्यांतून घरपोच यायची.

सोमवारी दुपारी पावणेदोनला त्याचा कारखान्यातून फोन आला. तिचा फोन त्या वेळी मुका होऊन ओट्यावर पालथा पडलेला असे. छोटी झोपली की सासरे खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून राखण करायचे, आणि ती मागच्या बाजूला धुणं, आंघोळ आणि जेवण ही तीन कामं आग लागल्यासारखी उरकायची. तिने सव्वातीनला बघितलं तर सतरा फोन आणि एक निरोप: "हवा गेली!"

फोन तसाच हातात धरून ती उठली. धावत जाऊन बघते तर छोटी मजेत पाय चोखत होती.

"अरे, हवा गेली म्हणजे काय?" तिने उलट फोन लावून विचारलं.

"मॉनिटर ऑफलाइन गेला! तिन्ही! एक बेचाळीस ते तीन दहा, कोरा कागद! नेट नसलं की ही डबी काहीच लिहून ठेवत नाही गं!"

"म्हणजे जेव्हा ती खोकते, नेमकं तेव्हाचंच नाही?"

"घाबरू नकोस. संध्याकाळी येतो. दहा मिनिटांचं काम आहे."

संध्याकाळी आला तर तिन्ही डब्यांवर हिरवे दिवे, आणि वाय-फाय असा ठणठणीत की जणू आयुष्यात कधी शिंकही आली नसावी! तरी नवऱ्याने राउटर बोळातल्या फळीवरून उचलून कपाटावर ठेवला. कपाटावरून फ्रिजवर. फ्रिजवरून चपलांच्या रॅकवर. मग पुन्हा बोळातल्या फळीवर, पण तोंड दुसरीकडे करून.

"आता जाऊन दाखव म्हणावं!" तो राउटरला म्हणाला.

मंगळवारी एक पंचावन्नला गेला.

आता नवऱ्याने तक्ता काढला. एका रकान्यात हवा जाण्याच्या वेळा, दुसऱ्यात संशयित. पहिला संशयित मायक्रोवेव्ह. त्याच्या लहरी वाय-फायवर चाल करून जातात, असं त्याने कुठेसं वाचलं होतं. मायक्रोवेव्हवर बंदी आली. मग मिक्सर. मग बोळातला आरसा, कारण आरसा "सिग्नल परत पाठवतो". तिने थंड आमटी खाल्ली, चटणी हाताने कुटली आणि खिडकीच्या काचेत बघून भांग पाडला.

मंगळवारी संध्याकाळी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन झाला. फोन स्पीकरवर, नवरा येरझाऱ्या घालतोय, सासरे बाजूला पाणी पीत उभे.

"सर, तुम्ही राउटर बंद करून परत चालू करून बघा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मॅडम, एवढं आम्हालाही कळतं!"

"रोज एकदा बंद करून चालू केलात तरी चालेल, सर."

"ते तर होतंच की रे," सासरे म्हणाले. "दुपारी मी..."

"बाबा, प्लीज! हे वाय-फायचं आहे. तुमच्या काळातल्या तारा-खांबांचं नाही!"

सासऱ्यांनी चौतीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटरची नोकरी केलेली. अर्ध्या शहराचा उजेड एका हाताने घालवायचा आणि आणायचा माणूस! पण घरात त्यांचा हुद्दा उतरत उतरत 'बाबा, प्लीज' इथवर आला होता. त्यांनी पेला विसळून उपडा ठेवला आणि ते निघून गेले.

बुधवारी एक पस्तीसला हवा गेली. त्या संध्याकाळी नवऱ्याला खरा गुन्हेगार सापडला. वरच्या मजल्यावरची संगीतशिक्षिका! ती दुपारी इंटरनेटवरून गाणं शिकवायची. तिचा वाय-फाय याच्या वाय-फायला ढकलतो, असा त्याचा सिद्धान्त.

"दीड ते तीन तुमचा राउटर बंद ठेवाल का?" याने दारात उभं राहून विचारलं.

"माझे अकरा विद्यार्थी असतात त्या वेळी!"

"आमच्या मुलीच्या हवेचा प्रश्न आहे."

"मग खिडकी उघडा!" आणि दार बंद झालं. तेही सुरात.

"बघितलंस? चिडली! निरपराध माणूस चिडत नाही," खाली येऊन नवरा म्हणाला.

"निरपराध माणूसच चिडतो. अपराधी माणूस तक्ते काढतो," ती पुटपुटली. बुधवार संपला होता. हातात दुपारचा एकही आकडा नव्हता, आणि छोटी त्या दुपारी दोनदा खोकून उठली होती.

गुरुवारी नवऱ्याने चक्क रजा टाकली. "मी स्वतः बसतो लाइनवर!" असं जाहीर करून तो सकाळपासून राउटरसमोर पाट टाकून बसला. मांडीवर लॅपटॉप, गळ्यात वायर, हातात टेस्टर. टेस्टर कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. जेवण तिथेच. दीड वाजता एकाएकी उठून त्याने छोटीच्या खोलीची खिडकी लावून घेतली. "सिग्नल बाहेर गळतोय!" म्हणाला. जसं काही वाय-फाय म्हणजे मांजर!

आणि काय सांगावं! त्या दुपारी हवा गेली नाही. दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले, तिन्ही डब्या हिरव्या! शिवाय छोटी एकदाही खोकली नाही!

नवऱ्याची छाती शर्टाच्या गुंड्यांना झेपेना. "गळती! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो!" पहिल्या दिवसापासून तो आणखी चौदा गोष्टी म्हणत होता, पण विजयाच्या वेळी हिशेब कोण काढतो? संध्याकाळी त्याने खिडकी पुन्हा सताड उघडली. कारण आता त्याने राउटरचा चॅनेल बदलला होता, म्हणजे गळायची शक्यताच नव्हती.

शुक्रवारी दुपारी नवरा कारखान्यात. छोटीला नुकतीच झोप लागलेली, आणि ती आज धुणं तसंच टाकून फोन हातात धरून बसलेली. एक अठ्ठेचाळीसला फोन थरथरला.

"गेलं! परत गेलं! पळ, राउटरजवळ पळ! काय दिसतंय सांग!"

ती पावलं न वाजवता बोळात आली. राउटरजवळ सासरे उभे होते. चष्मा कपाळावर, पेन कानावर, बोट अजून राउटरच्या स्विचवर. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बारीक आवाजात म्हणत होते, "एक अठ्ठेचाळीस. पेटी बंद."

फोन तिने हळूच कापला.

"बाबा! हे काय करताय?"

"शूऽऽ! छोटी झोपलीये. विजेचा लोड उतरवतोय."

"रोज?"

"रोज. ती झोपली की बंद, उठली की चालू. लेखी ऑर्डर आहे." त्यांनी फ्रिजच्या दिशेने मान केली. तिथे नवऱ्याने छोटी जन्मल्यावर स्वतः टाइप करून, सही ठोकून चिकटवलेला नियमांचा कागद होता. नियम दुसरा: बाळ झोपल्यावर खोलीची खिडकी उघडी ठेवावी, ताजी हवा येते. नियम चौथा: बाळ झोपल्यावर अनावश्यक विद्युत उपकरणे बंद करावीत. "दुपारी तू मागे, तो कामावर. लुकलुकणारी ही पेटी कुणासाठी चालू ठेवायची?"

"मग काल का नाही केलीत बंद?"

सासऱ्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्यांच्या तोंडावर शिवी दिली. "लाइनवर माणूस बसला असताना स्विचला हात लावायचा? चौतीस वर्षांत केलं नाही ते पोटच्या पोराला करू?"

तिने तोंडावर पदर दाबला. हसू की रडू, तेही कळेना. पाच दिवस! मायक्रोवेव्ह, मिक्सर, आरसा, वरच्या बाई, सगळे पिंजऱ्यात उभे, आणि गुन्हेगार रोज वेळेवर, लेखी हुकमाने, घड्याळ बघून गुन्हा करत होता!

"बाबा, पण हवेची नोंद गेली हो सगळी. छोटीच्या औषधाचं ठरायचंय उद्या."

"नोंद कशी जाईल?" सासऱ्यांना खरोखरच कळेना. त्यांनी खुर्चीखालून लांबोडकी वही काढली. "स्विचिंग केलं आणि नोंद केली नाही, असं कधी होतं का? दोनदा सांगायला आलो होतो त्याला. म्हणाला, बाबा, प्लीज."

तिने वही उघडली. आखीव रकाने. वेळ, काम, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मात्र ती थबकली. मग तिथेच जमिनीवर बसून तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

फोन पुन्हा थरथरला. "वरच्या बाईच! आत्ता सोसायटीला तक्रार लिहायला घेतोय!"

"लिही," ती म्हणाली. "सविस्तर लिही." आणि पान उलटलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नवऱ्याने लॅपटॉप उघडला. निळ्या, हिरव्या, जांभळ्या रेघा. गुरुवार सोडून प्रत्येक दिवसाच्या मध्यभागी उंदराने कुरतडल्यासारखं एक भोक.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुपारचं कुठंय?"

"त्याचं असं आहे, मॅडम, चॅनेल, गळती आणि वरच्या मजल्यावरचा..."

तिने लॅपटॉप हळूच बाजूला सारला आणि वही पुढे ठेवली. डॉक्टरीणबाई मोठ्याने वाचू लागल्या.

"सोमवार. १.४२ पेटी बंद. २.०५ समोरच्या सोफा-दुरुस्तीवाल्याने जुनी गादी रस्त्यावर काढून बडवली. २.०९ छोटी खोकली, चार वेळा. २.३० गादी आत. खोकला थांबला. मंगळवार. २.१० दोन गाद्या. छोटी सहा वेळा. बुधवार. मोठा सोफा. छोटी दोनदा उठली, थोपटले. गुरुवार. पेटी चालूच, मुलगा लाइनवर. खिडकी बंद. गाद्या तीन. खोकला नाही." त्यांनी चष्मा काढला. "दुपारी खिडकी का उघडी असते?"

नवरा आपल्या बुटांच्या लेसांकडे बघू लागला.

"ताज्या हवेसाठी," ती म्हणाली.

"दोन ते अडीच ती खिडकी बंद ठेवा. पंप नको. महिन्याने दाखवा." मग वहीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही नोंद कुणाची? फार नेमकी आहे."

नवरा खाकरला. "आमच्या घरी तशी सिस्टिमच लावलेली आहे, मॅडम," तो म्हणाला. हे तो न हसता म्हणाला, हे विशेष!

घरी आल्यावर तिने छोटीला पलंगावर आडवं केलं. खिडकी लावली. समोर सोफेवाला तलवार उपसल्यासारखी काठी घेऊन बाहेर आला, गादीवर तुटून पडला, धुळीचा ढग काचेवर येऊन थडकला. छोटीने कानाशी मूठ नेली आणि एकदाही न खोकता झोपली. त्या मुठीशेजारी तिनेही डोकं टेकलं. धुणं नाही, आंघोळ नाही. चार दिवसांची झोप एका दुपारी वसूल करायची, असं ठरवूनच तिने डोळे मिटले.

बाहेर चवड्यांवर पावलं वाजली. दारातल्या खुर्चीने करकर केली.

"कुठे निघालास?" सासऱ्यांचा दबका आवाज.

"आत. फक्त मिनिटभर, बाबा. हवा कशी आहे ते बघतो."

"चांगली आहे," सासरे म्हणाले. "तू आत गेलास की बिघडेल."