अक्षरांची गोधडी

"गोधडी एक नंबर झाली. पण मी काही ही पांघरणार न्हाई," असं म्हणून भारत बाजेवरून उठला, गोधडीला वाकून नमस्कार केला आणि नुसत्या चटईवर जाऊन आडवा झाला.

दैवशाला मोबाईल रोखून उभी होती, ती तशीच राहिली. तिला फक्त एक फोटो हवा होता. नवरा झोपलेला, अंगावर गोधडी, बस. त्यासाठी तिनं रविवारची दुपार निवडली होती, वाटूर फाट्यावरचं त्याचं जळक्या मोटारींचं वायंडिंग भरायचं दुकान बंद ठेवायला लावलं होतं आणि झोप गाढ लागावी म्हणून पुरणपोळ्या केल्या होत्या. एरवी हा माणूस दुकानात गिऱ्हाईक समोर असताना बसल्या बसल्या घोरायचा. आज त्याचे डोळे टक्क उघडे होते.

"काहून पण? काय टोचून राह्यलं का?"

"टोचत न्हाई. पायाला अक्षरं लागून राह्यलीत. जरा डोळा लागला की अंगठा जातो त्या उंटाच्या ओळीवर. मंग उठा, नमस्कार करा. किती येळा उठू?"

आता बाजेवर उंट कुठून आला, हे सांगायला हवं. दैवशालाचे वडील गेले तेव्हा भावांनी शेताचं बघितलं, वहिन्यांनी भांड्यांचं बघितलं, आणि हिनं ट्रंकेतून वडलांचं शाळेतलं वाचनपुस्तक उचललं. लाल कापडी पाठ, पिवळी पानं, कोपरे उंदरांनी चाखलेले. पानापानावर ठसठशीत काळं चित्र आणि त्याखाली मोठ्या टायपात एक ओळ. त्या पुस्तकानं तिला पार नादाला लावलं. आधी तिनं तशाच लाल पाठीच्या डायऱ्या बांधल्या. मग पुस्तकात ठेवायच्या कापडी खुणा केल्या. मग पिशव्या शिवल्या, त्यांच्यावर त्याच पुस्तकातली विहीर, घड्याळ आणि बैलजोडी. गावात तिला 'पुस्तकवाली' म्हणायला लागले, आणि ते काही कौतुकानं म्हणत नव्हते.

शेवटी वर्षभर खपून तिनं अख्खं पुस्तकच गोधडीवर उतरवलं. एका चौकोनात एक पान, चित्र रंगीत चिंध्यांचं, खालची ओळ काळ्या दोऱ्यानं साखळी टाक्यात. 'विहिरीचे पाणी गोड आहे.' 'उंट वाळवंटात चालतो.' आणि वरच्या काठाला, बरोबर हनुवटीपाशी यावी अशी, पुस्तकातली पहिली ओळ होती: 'पहाटे लवकर उठावे.'

जालन्याला बचत गटांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. दरवर्षी दैवशाला गटाच्या पापडांमागं उभी राहायची आणि लोक पापड बघायचे. यंदा तिला स्वतःच्या नावाचा गाळा हवा होता. तो देणं तालुक्याचे बचत गट बघणाऱ्या मीना मॅडमच्या हातात होतं, आणि त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "ताई, शोभेच्या वस्तूंना यंदा जागा नाही. गोधडी म्हणता ना, मग कोणीतरी पांघरून झोपलंय असा फोटो पाठवा. पांघरता येत नसेल तर ती गोधडी कसली?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती गोधडीत. या घरात चुकून पेपरवर पाय पडला तरी हात आपोआप कपाळाला जायचा. हे दैवशालालाही ठाऊक होतं. पण वर्षभर तिनं गोधडी मांडीवर घेऊन शिवली होती. गोधडीला एक पायाची बाजूही असते, हे तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"अक्षरं वरून हायेत ना. तुमचे पाय खालून असतेत," तिनं शेवटचा प्रयत्न केला.

"खालूनबी बघ की. तुझे टाके पार आरपार गेलेत. वरून अक्षर सुलटं, खालून उलटं. दोन्हीकून विद्याच."

टाके आरपार आणि घट्ट घालायचे, हा तिचा अभिमान होता. आता तोच तिला नडत होता.

मग तिनं सासूला, कांताबाईंना, गाठलं. कांताबाई हौशी. "टाक माझ्या अंगावर, फोटोला काय लागतंय," म्हणून त्या पदर सावरून आडव्या झाल्या. पण गोधडी अंगावर येताच त्यांनी गुडघे असे पोटाशी घेतले की मोबाईलमध्ये गोधडीखाली सोयाबीनचं पोतं ठेवल्यासारखं दिसायला लागलं.

"आत्याबाई, पाय लांब करा ना जरा."

"नको गं माय. आता या वयात विद्येला पाय लावू व्हय? तू काढ असाच."

"ह्यात माणूस दिसत न्हाई."

"मंग तोंड बाहेर काढते," म्हणून त्यांनी तोंड बाहेर काढलं आणि कॅमेऱ्याकडं बघून प्रसन्न हसल्या. झोपलेलं माणूस असं हसत नाही. तोही फोटो वाया गेला.

सोमवारी दैवशालाला वाटलं, आता निवाडाच लावून घ्यावा. गावात अण्णासाहेब होते, रिटायर हेडमास्तर. भारतला त्यांनीच शिकवलेलं. ते हो म्हणाले तर सगळं वाटूर हो म्हणणार होतं. अण्णासाहेब आले, त्यांनी गोधडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "साधी गोष्ट आहे. पाय आणि अक्षर यांच्यामध्ये काहीतरी आलं की झालं. पायमोजे आणा."

पायमोजे आले. अण्णासाहेब आडवे झाले. दैवशालानं गोधडी अंगावर घातली, श्वास रोखला आणि मोबाईल उचलला. अण्णासाहेबांनी डोळे मिटण्याआधी एकवार खाली पाहिलं आणि चष्मा मागितला.

"'पहाटे लवकर उठावे,'" त्यांनी वाचलं. "हे वाचल्यावर झोपायचं कसं, ताई?"

"वाचू नका, गुरुजी. डोळे मिटा फक्त."

पण जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, समोर ओळ दिसल्यावर डोळे कसले मिटतो. ते उठून बसले. दुसरी ओळ वाचली. तिसरी वाचली. उंटापाशी आल्यावर त्यांचा आवाज बदलला. "हे तर माझं पुस्तक. मी यातनंच शिकलो. या उंटाला मी शाईनं मिशा काढल्या होत्या अन् त्यापायी मार खाल्ला होता." त्यांचे डोळे भरून आले. आवाज ऐकून शेजारच्या गिरिजाबाई आल्या, त्यांच्या मागून गल्लीतल्या आणखी बायका आल्या, आणि अण्णासाहेबांनी पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत गोधडी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. दैवशालाला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती फोटोचं विसरलीच. गावानं तिचं काम पहिल्यांदाच नीट बघितलं होतं.

जाता जाता अण्णासाहेबांनी घोटाळा करून ठेवला. "ताई, ही झोपायची वस्तूच नव्हे. ही उंचावर ठेवा," म्हणाले आणि पायमोजे काढून, नमस्कार करून गेले.

"अन् धुवायची तरी कशी म्हणते मी?" गिरिजाबाईंनी भर घातली. "गोधड्या पायानं तुडवल्याबिगर निघत्यात का? हिला कोण तुडवील?"

कांताबाईंना एवढं पुरे होतं. त्यांनी चौरंग पुसला, गोधडी घडी घालून त्यावर ठेवली, काठाला हळदीकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी गिरिजाबाई नारळ घेऊन आल्या. त्यांच्या सुमितचा पोलीस भरतीचा पेपर होता. "त्याचं डोकं टेकवून नेते. सगळी विद्या एकाच जागी हाय म्हणल्यावर कशाला सोडा?" दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरी आल्या. दैवशाला ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना साखर वाटत होती आणि मनातून रडत होती.

"आत्याबाई, ती पांघरायची हाय हो. तसं न्हाई झालं तर मला गाळा न्हाई भेटायचा."

"भेटंल की. एवढी माणसं पाया पडून राह्यलीत, तिला गाळा न्हाई भेटायचा?"

बुधवारी कांताबाई शेतात गेल्या तशी दैवशालानं गोधडी चौरंगावरून उतरवली आणि पायाच्या बाजूला सासूच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची कोरी पट्टी जोडली. पट्टीवर ना चित्र, ना अक्षर. आता पाय तिथं ठेवायचे, मिटला प्रश्न. जेवायला आलेल्या भारतला तिनं तसाच आडवा केला. पण भारत अंगानं ताडमाड. पाय पट्टीवर राहावेत म्हणून गोधडी खाली ओढली तर 'पहाटे लवकर उठावे' त्याच्या पोटावर आलं.

"छातीला वारं लागून राह्यलं," तो म्हणाला.

"फोटोपुरतं सोसा की."

"सोसतो. पण झोपलेला माणूस असा कुडकुडतो का?"

तेवढ्यात कांताबाई परत आल्या. हिरवी पट्टी बघून त्यांना वाटलं, सुनेनं गोधडीला लुगडं नेसवलं. त्या गहिवरल्या आणि त्यांनी गोधडीला पुन्हा चौरंगावर बसवलं.

गुरुवारी दुपारी मीना मॅडम स्वतःच आल्या. फोटो आला नाही म्हणून आल्या होत्या. सकाळपासून स्कुटीवर गावं फिरत होत्या, नाक थंडीनं लाल झालं होतं, केसांत धूळ होती. चणीनं अगदी लहानखुऱ्या बाई, बाजेवर बसल्या तर पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी डायऱ्या बघितल्या, लाल पाठीवरून बोट फिरवलं, पिशव्यांवरची विहीर बघून हसल्या. मग त्यांची नजर चौरंगाकडं गेली. उदबत्ती जळत होती आणि नारळ मांडलेला होता.

"ताई, मी गोधडी बघायला आले. तुम्ही देव दाखवताय."

"पांघरायचीच हाय, म्याडम. फक्त कोणी..." दैवशाला घाईनं उदबत्ती बाजूला सारायला लागली.

"काम सुंदर आहे. खरंच सुंदर आहे. पण मी पुढं काय सांगू? पूजा करतात म्हणून सांगू?" मीना मॅडमना वाईट वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "बिनदुधाचा चहा मिळेल का जरा?"

दैवशाला आत गेली. आधण ठेवलं आणि तिथंच चुलीपाशी बसून तिनं पदरानं डोळे पुसले. एका वर्षाचे टाके, आणि पुन्हा पापडांमागं उभं राहायचं. त्या नादात चहा उकळून आटला, तो दुसऱ्यांदा ठेवावा लागला.

ती कप घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. मीना मॅडम बाजेवर गाढ झोपल्या होत्या. बसल्या बसल्या डुलकी लागली असेल, तिथून त्या आडव्या झाल्या असतील. आणि त्यांच्या अंगावर गोधडी होती. झेंडूचं फूल उशाशी घरंगळलं होतं.

"आत्याबाई, हे काय केलं?" तिनं कुजबुजत विचारलं.

बाजेशेजारी बसलेल्या कांताबाई गोंधळल्या होत्या. "लेकरू थंडीनं आखडलं हुतं गं. हाताशी जे आलं ते टाकलं. मंग ध्यानात आलं."

दैवशालानं पायाकडं पाहिलं. मॅडमचे पाय हिरव्या पट्टीवर सुखात पसरले होते. वरच्या बाजूला 'पहाटे लवकर उठावे' नेमकं हनुवटीखाली, आणि त्या ओळीवर मॅडमचं बारीक, समाधानी घोरणं चालू होतं. त्यांना उठवायचा कोणाला धीर होईना. तासाभरानं भारत उशिरा जेवायला आला तो हे बघून उंबऱ्यातच उभा राहिला, आणि त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"नका काढू, बरं दिसत न्हाई," दैवशाला म्हणेपर्यंत खाटकन आवाज झाला.

मीना मॅडम दचकून उठल्या. खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं होतं. "अगं बाई, मला परतूरला मीटिंग होती." मग त्यांनी अंगावर बघितलं, मग भारतच्या हातातला मोबाईल बघितला. "फोटो काढलात तुम्ही?"

"बिलकुल चांगला आलाय," भारत म्हणाला.

"डिलीट करा आधी. ड्युटीवर आहे मी."

"करा ओ डिलीट," दैवशाला म्हणाली. मग हळूच, "फक्त, म्याडम, मंग गोधडी वापरल्याचा फोटो न्हाई राहत."

मीना मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. मग गोधडीचा काठ त्यांनी पुन्हा जरा वर ओढून घेतला, आणि हसायला लागल्या ते थांबेचनात. "फोटो कशाला लागतोय आता? मी सांगते ना, वापरता येते. अशी झोप दिवाळीपासून लागली नव्हती. गाळा तुमच्या नावानं." उठता उठता मात्र त्या थबकल्या, पायाकडं बघून म्हणाल्या, "आजी, झोपेत माझा पाय त्या अक्षरांना तर नाही ना लागला?"

"लागला हुता एकदा, कूस बदलताना," कांताबाई म्हणाल्या. "मी केला नमस्कार, तुमच्या वतीनं."

प्रदर्शनात दैवशालाच्या नावाची पाटी लागली. पाटीखाली लाल डायऱ्या, विहिरीच्या पिशव्या, आणि मधोमध बाजेवर अंथरलेली गोधडी. कांताबाई हट्टानं आल्या होत्या आणि बाजेच्या कडेला बसल्या होत्या. माणसं थांबायची, ओळी वाचायची, उंटापाशी हसायची. जाफराबादच्या एका बाईंनी गोधडी दोन्ही बाजूंनी बघितली आणि ठरलेला तोच प्रश्न केला. "अशीच एक करून द्या मला. पण ताई, पांघरल्यावर अक्षरांना पाय लागला तर वो?"

दैवशालानं हिरवी पट्टी दाखवायला हात पुढं केला. पण कांताबाईंनी तिला थांबवलं.

"तुम्ही खुशाल पाय पसरून झोपा," त्या म्हणाल्या. "हिच्या हातून जेवढ्या गोधड्या होतील, त्यांना जेवढे पाय लागतील, त्या समद्यांचा नमस्कार मी आगाऊ करून ठिवलाय."