घोट्याची सहा आठवड्यांची प्रगती

हेडक्लार्कसाहेबांनी भिंत सोडून कपाट धरलं, तिथेच सगळं फिसकटलं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, "पोटऱ्या आखडल्यात तुमच्या. म्हणून घोटा वाकत नाही आणि पाऊल आत कलंडतं. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला टेकवा आणि अर्धा मिनिट ताण द्या." पण घराला नुकताच रंग दिलेला. बायकोने भिंतीला बोट लावायलाही बंदी केली होती. उरलं पॅसेजमधलं, स्वयंपाकघराच्या दाराअलीकडे भिंतीलगत ठेवलेलं बुटांचं कपाट; साहेबांनी त्याची कड धरली.

बायकोची अट सरळ होती. पाय सुधारला तर डोंगरातल्या चार दिवसांच्या पायी सहलीला साहेब येणार, नाहीतर तिचा भाऊ. साहेबांनी कपाटापासून चार बोटांवर फरशीवर रेघ मारली. (पेन्सिल ऑफिसची. असो.) अंगठा रेघेवर, टाच खाली आणि गुडघा कपाटाला टेकला की पास! पहिल्या दिवशी तो अगदी थोडक्यात हुकला.

साहेब ईर्षेला पेटले. सकाळ-संध्याकाळ दात-ओठ खाऊन कपाट रेटू लागले. आणि दर रविवारी गुडघा कपाटापासून आणखी लांबच राहू लागला.

"अगं, घोटा उलटा चाललाय माझा!"

"काहीतरीच काय!"

"मोजून बघ."

तिने मोजलं. अंतर खरंच वाढलं होतं. साहेबांना फार वाईट वाटलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दोघं मिळून कुठे म्हणून गेले नव्हते. जड मनाने त्यांनी तिकीट मेहुण्याच्या नावावर करून दिलं, वर स्वतःचे कोरे बूटही दिले. चार मजले उतरून दूध आणायचं काम तर दुखऱ्या घोट्यापायी केव्हाच बायकोच्या गळ्यात पडलं होतं.

निघायच्या सकाळी साहेबांनी मन मानेना म्हणून एक शेवटचा ताण दिला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार आतून धडधडलं.

"अहो, दार का उघडत नाही?"

मेहुणा धावत आला. "दाजी, कपाट दाराला कसं चिकटलं?"

फरशीवर कपाटाच्या पायांचे जुने डाग दिसत होते. चांगले वीतभर अलीकडे, रेघेजवळ.

दोघांनी कपाट जागेवर ओढलं. साहेबांनी अंगठा रेघेवर ठेवला. गुडघा खणकन कपाटावर आपटला.

"टेकला! टाच बघ, टाच!"

बायकोने वाकून पाहिलं. "खरंच की हो! म्हणजे घोटा ठणठणीत?"

"एकदम!"

साहेबांनी आशेने मेहुण्याच्या पायांकडे पाहिलं. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली होती.

"बरं झालं बाई," बायको म्हणाली आणि दुधाची पिशवी त्यांच्या हातात देऊन भावामागोमाग जिना उतरू लागली.