तीन पाण्यांनी धुतलेला डबा

मी आज जो काही आहे, तो दुसरबीडच्या श्रीराम मामांमुळे. आणि श्रीराम मामांचा माझ्यावर काडीचाही विश्वास नाही.

ही तक्रार नव्हे. त्यांचा कोणावरच नाही. एसटीत तिकीट हातात पडलं तरी गाडी देऊळगाव राजालाच चालली का, हे ते कंडक्टरला विचारतात आणि मग खात्रीसाठी मागच्या सीटवरच्या माणसाला. सोयाबीनच्या पिशवीवर सरकारी शिक्का असला तरी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवतात ते बघतात. फोनवरचं बोलणं तर ते धरतच नाहीत. "कागदावर लिहून दे, खाली सही कर," हे त्यांचं पालुपद.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मामांनी मला अकरावीला आपल्या घरी, आजीजवळ, ठेवून घेतलं. दोन वर्षं मामींच्या हातच्या पोळ्या खाऊन मी शिकलो, पुढे पदवी घेतली आणि बुलढाण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत लागलो. पुरुषाच्या नमुन्यातून निरोगी शुक्रजंतू निवडायचे, हे माझं काम. गावात मात्र 'रक्त तपासतो' एवढंच सांगितलं होतं.

मामा-मामींच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. एके दिवशी दोघंही केंद्रात हजर. भाच्यानं मामाचा नमुना तपासायचा या लाजेनं मी अर्धा झालो. डॉक्टरांना सांगून काम सहकाऱ्याकडे दिलं, तर मामा अडून बसले. केंद्रवाले दुसऱ्याच कोणाचा चांगला नमुना आपल्या नावावर खपवतात, हा त्यांचा संशय. दोन माणसं मिळून नाव जुळवतात आणि दोघंही सही करतात, असं मी समजावलं. त्या दोघांची आपसात सोयरीक आहे का, हे मामांनी विचारून घेतलं.

शेवटी परक्यांपेक्षा ओळखीचा बरा असं त्यांनी ठरवलं आणि मीच बसलो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. एकही जंतू हलत नव्हता. बाहेर येऊन भीत भीत विचारलं, नमुना कसा दिला, डब्याला काही लागलं होतं का.

"डबा आधी धुतला म्या," मामा म्हणाले. "भांड्याच्या साबनानं, तीन पान्यानं. त्याच्यात आधी कोनाचं नसंल कशावरून?"

सीलबंद, निर्जंतुक डबा धुणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. साबणानं शुक्रजंतू मरतात म्हटल्यावर त्यांनी साबणाच्या कंपनीवर संशय घेतला.

दुसऱ्या वेळी नमुना जिवंत होता, पण जंतू फार थोडे, आणि त्यातलेही बरेच जागच्या जागी वळवळणारे. मामींच्या तपासण्या मात्र उत्तम आल्या. एकेका बीजांडात एकेक शुक्रजंतू सुईनं सोडायचं ठरलं. त्या उपचाराच्या दिवशी मी कितीतरी वेळ मान वर केली नाही. डोकं अंडाकृती, शेपूट सरळ, चाल नाकासमोर, असा एखादा दिसला की काचेच्या बारीक नळीत ओढून घ्यायचा. सात बीजांडं होती. सात निवडले.

गर्भ राहिला नाही.

आता मामा डॉक्टरांना, मला, सगळ्यांनाच फैलावर घेणार, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. पण मामी औषधाच्या खिडकीकडे गेल्यावर त्यांनी मला जिन्याखाली नेलं.

"तिच्यात दोष नाही ना?"

"नाही मामा."

"मंग थे लिहून दे. मराठीत. डॉक्टरचा कागद इंग्रजीत हाय. चौदा वर्षं झाली, तिले कोनी बारशाले बलावत नाही. म्या तोंडानं सांगितलं तं लोक म्हनतात, बायकोले झाकून राह्यला."

दोन दिवसांनी मी हे पत्र टाकलं.

तीर्थरूप श्रीराम मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं लिहीत आहे. मामींच्या सगळ्या तपासण्या झाल्या. त्यांच्यात कोणताही दोष आढळला नाही. तुमचे शुक्रजंतू कमी आहेत आणि त्यांना जोर नाही, म्हणून मूल होत नाही. भाच्यानं मामाला हे लिहू नये, पण खरं तेच आहे. असं असणं हा गुन्हा नाही.

मी निवडलेल्या सातांहून चांगला तिथं एकही नव्हता.

एक विनंती. हे पत्र आधी मामींच्या हातात द्या. आजीला, गावाला दाखवायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

तुमचा भाचा,
गजानन