हिरवं बदक, लाल बदक

"साहेब अकराला येतायत आणि तू भिंतीवर बदक काढलंस?"

साडेतीन वर्षांच्या लेकीने हातातला खडू पाठीमागे लपवला. आई जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात होती. पाळणाघरवाल्या मावशींना ताप आला, म्हणून आज एका काखेत मोजपट्टी आणि दुसऱ्या काखेत मूल घेऊन ती इथे पोचली होती. गल्लीच्या तोंडाशी असलेलं हे चिमुकलं प्रार्थनाघर रस्ता रुंद करताना पाडायचं ठरलं होतं. तीन पत्रं लिहिल्यावर साहेब एकदा पाहून घ्यायला राजी झाले होते. पण नोंदवहीतला 'कलात्मक महत्त्व' हा रकाना कोरा होता, कारण भिंतीही कोऱ्याच होत्या. राखणदार आजोबा दर वर्षी भक्तिभावाने चुना मारत. त्यांचे वडीलही मारत आणि त्यांचे आजोबाही.

तिने ओलं फडकं फिरवलं. हिरव्या बदकाचं हिरवं तळं झालं. तळं पुसायला गेली तर चुन्याचा पापुद्राच हातात आला आणि मागे आणखी एक बदक दिसलं. लाल, तीन पायांचं.

"हे कधी काढलंस?"

"मी नाई काढलं."

"मग काय भिंतीने काढलं? खोटं बोलायचं नाही हं!"

"मी नाई!" लेकीचा खालचा ओठ बाहेर आला.

अकराला पाच कमी असताना माणूस विचार करत नाही, घासतो. ती घासत गेली, तसं बदक आणखी ठसठशीत झालं. दारात बूट वाजले. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा."

"साहेब, इथे ओल आहे."

"मग तीच बघू."

ती सरकली. "माझ्या मुलीने काढलंय साहेब. तिला मी इथे आणलं, चूक माझी. त्याची शिक्षा या वास्तूला नको."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात आजोबांनी लेकीची मूठ अलगद उघडली. "अहो बाई, पोरीकडे खडू तर हिरवा आहे!"

साहेब उकिडवे बसले. खिशातलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हे चुन्याच्या खालचं आहे," ते हळूच म्हणाले. सुटू पाहणारा पापुद्रा त्यांनी नखाने सोडवला. बदकाच्या वर एक पाऊल उजळलं. नाजूक पाच बोटं, घोटा, वस्त्राचा लाल काठ. बदकाचा लालही तोच.

आजोबा भिंतीजवळ सरकले. "पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच झाकलं की हो हे!"

"झाकलंत म्हणून टिकलं, आजोबा," साहेब म्हणाले.

"पण एवढ्या सुंदर पावलापाशी हे तीन पायांचं बदक?" आजोबांनी विचारलं.

"चित्रकाराबरोबर मूल असणार," आई म्हणाली. "ठेवायला कुणी नसेल त्या दिवशी."

साहेबांनी नोंदवहीकडे बोट केलं. "लिहा. वास्तू पाडू नये. कलाकार दोन. थोरला अज्ञात. धाकटा, अंदाजे साडेतीन वर्षांचा."

लेक ताडकन उठली. "मी नाई काढलं!"

आईने चुन्याच्या हातांनीच तिला पोटाशी धरलं. "माहीत आहे गं माझ्या राणी. चुकलं माझं."

लेकीने तिच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं. पाऊल पाहिलं, काठ पाहिला, लाल बदक पाहिलं.

"मग माझं का पुसलंस?"