तक्रार अटेंड झाली आहे

साहेब, पडेगावातल्या आमच्या गल्लीचं पाणी तुम्ही चोरलं, असा माझा आरोप नाही. चोराला निदान नळ तरी सोडावा लागतो. तुम्ही आमचं पाणी अटेंड केलंत, हा माझा आरोप आहे.

सरकार पैशावर चालतं ही अफवा आहे. ते क्रियापदांवर चालतं, आणि त्यात 'अटेंड' सगळ्यात जास्त राबतं. रद्दीतून उचललेल्या माझ्या डिक्शनरीप्रमाणे त्याचा जन्म लॅटिनमधला. तिथं अर्थ 'ताणणे'. फ्रेंचांकडं गेल्यावर झाला 'वाट पाहणे'. इंग्रजांनी दोन अर्थ ठेवले: हजर राहणे आणि दखल घेणे. दोन्ही एकाच माणसानं करावं, अशी अट मात्र घातली नाही. म्हणून पाणी खात्यानं न्याय्य वाटणी केली. हजर राहायचं खात्यानं. ताणायचं आणि वाट पाहायची नागरिकांनी. (दखल सध्या रिक्त पद आहे.)

पद्धत सुटसुटीत आहे. तक्रार केली की कर्मचारी येतो, कोरड्या नळाशेजारी तक्रारदाराला उभं करून फोटो काढतो. (तक्रारदार नसेल तर नळ खोटा धरतात.) फोटो ॲपवर चढला, तक्रार मिटली. आमच्या वॉर्डात शंभर टक्के तक्रारी अटेंड होतात. ज्या वॉर्डांत पाणी येतं, त्यांना हा आकडा कधीच गाठता आला नाही.

शेजारच्या म्हाळसाबाईंचं घर शेळ्यांवर चालायचं. टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, तशा त्यांनी एकेक करून शेळ्या विकल्या. राहिली एक, गाभण. आज खात्याचा कर्मचारी राजकुमार पुन्हा मोबाईल घेऊन आला.

"मावशी, जरा इकडं बघा."

"मंग नळाकडं कोण बघायचं?"

"तो येतोय फोटोत."

"अन् पाणी?"

"ते माझ्याकडं नाय. मी नुसतं अटेंड करतो."

"मंग हिला बी कर बाबा. सकाळपासून जीभ बाहेर काढून बसलीय."

पोरगा नियमाचा पक्का. शेळीला मधे घेऊन त्यानं दुसरा फोटो काढला. शेळीचीही तक्रार मिटली.

उद्या सकाळी ती शेळी लासूर स्टेशनच्या बाजाराला निघेल. टेम्पो ठरलाय. साहेब, टेम्पो दारात लागायच्या आत नळाला पाणी येणार का? व्हय की नाय, एवढंच सांगा.

आणि वाचकहो, तुम्हीही इथवर आलात, हळहळलात, आता पान उलटाल. म्हणजे रीतसर अटेंड केलंत. फोटोत शेळीच्या कुठल्या बाजूला उभे राहताय, तेवढं कळवा.