झोपलेलं सिमेंट

गावात कुणाचं बांधकाम निघालं की कासमभाई हजर. बाकीचे पायाभरणीचे पेढे खायला जात, हे दगड झालेली सिमेंटची पोती मागायला. "घ्या कासमभाई, तुमचं मेलेलं सिमेंट," असं मजूर मुद्दाम म्हणत. तो शब्द त्यांना खपत नसे. "मेलं नाही बे, झोपून राह्यलं," असं ठणकावत ते गोटा खांद्यावर टाकून चालू लागत.

आमचं गाव डोणगावच्या अलीकडचं. महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली होती आणि सिमेंट परमिटवर मिळायचं. मी मुलींच्या शाळेत मास्तर होतो. कासमभाईंची गावाबाहेर चुन्याची भट्टी होती. सिमेंट आल्यापासून त्यांचा चुना कुणी विचारीना. दुसरा कुणी सिमेंटला शिव्या देत बसला असता. कासमभाईंनी त्याचे फेकलेले गोटे आणून फोडले, भट्टीत लाल होईस्तोवर भाजले, बैलाच्या घाण्यात दळले आणि त्यात चुना नि विटेची भुकटी कालवली. मिश्रण जमेपर्यंत चाचणीच्या फसलेल्या वड्यांचा दारात ढीग लागला.

"दगडाचा चुना कराले दिवसभर जाळ लागते, मास्तर," ते सांगत. "हे एकदा भाजेल हाय. अर्ध्या पऱ्हाटीच्या जाळावर जागं होते. मंग बाभयी कायले तोडाच्या?"

गाव हसायचं. मीही हसायचो. मग माझीच पाळी आली.

शाळेत पाण्याची सोय नव्हती. तहान लागली की मुली घरी जात आणि दुपारनंतर निम्मा वर्ग परत येत नसे. वर्षभर खेटे घालून मी हौदासाठी सिमेंट मिळवलं, मागच्या खोलीत रचलं, आणि त्या खोलीचं छप्पर गळतं हे साफ विसरलो. फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला. खोली उघडली तेव्हा आत पोत्यांच्या आकाराचे दगड होते. मला कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना.

कासमभाई आले. एका पोत्यावर टकटक करून म्हणाले, "लाज कायची वाटून राह्यली तुमाले? गाडी आणतो."

तेच गोटे भाजून, दळून त्यांनी स्वतःच्या हातांनी हौद बांधला. महिन्याने तालुक्याहून ओव्हरसियर तपासायला आले. भिंतीचा लालसर रंग पाहूनच त्यांचं डोकं फिरलं. "ही राख कुणी लावली? फोडून टाका हा हौद."

कासमभाईंनी चपला काढून नीट ओळीत ठेवल्या आणि हौदात उतरून मांडी घातली. "फोडा. मी आत हाय."

"बाहेर या आधी!"

"नाही येत. फोडाचं नसन तं भरा."

बायका नि मुली विहिरीपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या. घागरीमागून घागर ओतली गेली. पाणी कासमभाईंच्या कमरेला आलं, छातीला आलं. मांडी काही मोडली नाही. ओव्हरसियर भिंतीवरून तळवा फिरवत ओल शोधत होते. ओल सापडेना. शेवटी त्यांनी पाण्याच्या पातळीवर किल्लीने रेघ ओढली. "उद्या सकाळी पाहतो."

कासमभाई निथळत बाहेर आले. ओव्हरसियर आत डोकावले आणि ओरडले, "बघा, उतरलं पाणी! गळतोय!"

पाणी खरंच रेघेच्या खाली होतं. कासमभाईंचा चेहरा उतरला.

"पण सर," चौथीतली शेवंता म्हणाली, "चाचा बाहेर आले ना!"

आधी मुली हसल्या, मग ओव्हरसियरही. दुसरी रेघ ओढली. सकाळी पाणी तिथल्या तिथे होतं.

ओव्हरसियरांनी वहीत 'सिमेंटचा हौद' असं लिहायला घेतलं. कासमभाई आडवे आले. "जे हाय ते लिवा. दुसऱ्यांदा भाजेल सिमेंट."

"तसा रकाना नाही."

"मंग पाडा ना रकाना!"

रकाना काही पाडला नाही, पण समासात बारीक अक्षरात तेवढं लिहिलं गेलं. कासमभाईंनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

नव्या भिंतीवर पाणी शिंपडतात, ती तराई. ती महिनाभर पुरते. कासमभाईंची तराई दीड वर्ष चालली. रोज मधल्या सुट्टीत ते बादली घेऊन येत. मुली त्यांना घेरून पाढे म्हणत, आपली भांडणं सांगत. न्याय ते करत. "आता पुरे की," म्हटलं की तडकत, "चुन्याचं तुमाले काय समजते?"

दिवाळीच्या सुट्टीत हौदाची भिंत आठवडाभर कोरडी दिसली. आजारी असतील म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. ठणठणीत होते, ओट्यावर बसलेले. त्यांची बायको आणि सहा वर्षांची मुलगी फार पूर्वी एकाच साथीत गेल्या होत्या. आत चुलीपाशी एकच ताट पालथं होतं.

"का हो, सुट्टीत तराई बंद?" मी हसत विचारलं.

त्यांनी बोटावरचा चुना खरवडला, मग विचारलं, "शाया कधी उघडते, मास्तर?"

"सोमवारी."

"मंग सोमवारी येतो."

सोमवारी मी मधल्या सुट्टीची घंटा दहा मिनिटं लवकर दिली.